सर, तुमी खंय होतास?

रात्री टीव्हीवर इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा फुटबॉल सामना झाला की दुसऱ्या दिवशी मैदानावर पोरं मला हमखास विचारतात, 'सर, एवढे कॅमेरे, एवढे रिप्ले, तरी रेफरी चुकतात कसे? मग व्हीएआर हवाच कशाला?' गेली पंधरा वर्षं वेंगुर्ला-सावंतवाडी पट्ट्यात गावोगावच्या स्पर्धांना मी रेफरी म्हणून उभा राहतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. एकदा नीट सांगतो.

व्हीएआर हवा. पण व्हीएआर, म्हणजे व्हिडीओ असिस्टंट रेफरी, हे कुठलं यंत्र नव्हे, तो पडद्यांसमोर बसलेला आणखी एक रेफरी आहे. २०१८ मध्ये तो फुटबॉलच्या नियमांत आला तेव्हा त्याला चारच गोष्टींत बोलायची मुभा होती: गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड आणि भलत्याच खेळाडूला दाखवलेलं कार्ड. तेही मैदानावरची चूक ढळढळीत असेल किंवा रेफरीच्या नजरेतून काही गंभीर निसटलं असेल तरच. बॉल गोलरेषेच्या आत गेला की नाही, हे यंत्र सांगू शकतं. २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा बॉल उघड उघड आत पडला होता आणि गोल दिला गेला नाही. पुढच्याच वर्ल्ड कपला, २०१४ मध्ये, गोलरेषेचं तंत्रज्ञान आलं आणि तो वाद मिटला. हात मुद्दाम लावला की लागला, हे मात्र माणसालाच ठरवावं लागतं.

त्याच २०१८ च्या वर्ल्ड कपची फायनल आठवा. क्रोएशियाच्या पेरिशिचच्या हाताला बॉल लागला. पिताना हे रेफरी मैदानाकडेच्या पडद्यावर बघून वळले, पुन्हा मागे जाऊन बघितलं आणि मग पेनल्टी दिली. तेच दृश्य जगाने पाहिलं, आणि ती पेनल्टी होती का यावर आजही दोन तट आहेत. व्हीएआरचे नियम करणाऱ्यांनाही हे कळतं. स्लो मोशन कशासाठी? तर बॉल कुठे लागला, धक्का नेमका कुठे बसला हे बघायला. धक्का किती जोराचा होता, हात लागणं हा गुन्हा होता का, हे नेहमीच्याच वेगात बघायचं, असं ते सांगतात. कारण सावकाश दाखवलं की साधी धडकसुद्धा मुद्दाम केल्यासारखी दिसते.

आणि सप्टेंबर २०२३ मधला टॉटनहॅम-लिव्हरपूल सामना. लिव्हरपूलच्या लुईस दियाझचा गोल नियमात होता, पण मैदानावर ऑफसाइड (बॉल पास होताना बचावफळीच्या पुढे असणं) दिला गेला. पडद्यासमोरच्या माणसाला वाटलं, मैदानावर गोलच दिलाय. म्हणून त्याने 'तपासून झालं' असं कळवलं. चूक लक्षात येईपर्यंत खेळ सुरू झाला होता. पडद्यावर ऑफसाइडची रेषा बरोबर आखली होती, चित्रही स्पष्ट होतं. दोन माणसांचं बोलणं तेवढं एकमेकांपर्यंत पोचलं नाही.

आता माझी गोष्ट. वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात दिवाळीनंतरची स्पर्धा होती. लाल मातीचं मैदान, गोलाला मासेमारीच्या रापणीचं जुनं जाळं लावलेलं, कडेने दोरी आणि दोरीमागे अख्खा गाव. सेमीफायनलची शेवटची पाच मिनिटं. लांबून बॉल आला, पुढच्या पोराने छातीवर घेतला आणि मारला. मी गोल दिला. गोलकीपर धावत माझ्याकडे आला, 'सर, हाताक लागलो!' मी ऐकलं नाही. त्यांचा संघ हरला.

सामना संपल्यावर चौघांनी मोबाईल पुढे केले. पहिल्या व्हिडीओत पोराची पाठ दिसत होती. दुसऱ्यात सगळं धूसर. तिसरा गोलामागून काढलेला होता, त्यात बॉल दंडावरून खाली उतरताना लख्ख दिसला. खेळणाऱ्याने ते मुद्दाम केलं असो-नसो, हाताला लागून लगेच त्यानेच मारलेला गोल धरायचा नसतो. निर्णय चुकला होता, आणि मी तिथेच सगळ्यांसमोर तसं सांगितलं. निकाल बदलता येत नव्हता. तेव्हा त्या गोलकीपरने मला विचारलं, 'सर, तेवा तुमी खंय होतास?'

त्या व्हिडीओच्या कोपऱ्यात मीही दिसत होतो. मधल्या वर्तुळाच्या जवळ, चालत. दुपारपासूनचा तिसरा सामना, दमट हवा, पाय जड झाले होते. पण चाळीस मीटरवरून, त्या पोराच्या पाठीमागून हात दिसणारच नव्हता. तिरकस धावत डाव्या बाजूला गेलो असतो तर दिसला असता.

म्हणून कुणी 'आपल्याकडे व्हीएआर कधी येणार' म्हटलं की मी विचारतो, गावच्या स्पर्धेला लाइन्समन कोण असतो? बहुतेक वेळा हरलेल्या संघातली दोन पोरं, हातात रुमाल घेऊन. ऑफसाइड बघताना शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत राहायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. बक्षिसाचा चषक हातभर उंच असतो, आणि तीन सामन्यांसाठी रेफरी एकच. त्या चषकाचे निम्मे पैसे वाचवून दुसरा रेफरी बोलवा, दोन लाइन्समनना आठवडाभर शिकवा. मोठ्या सामन्यात रेफरी दहा-बारा किलोमीटर धावतो, आणि त्यासाठी वर्षभर तयारी करतो. पडद्यासमोर बसणारासुद्धा आधी अशा धावण्यातूनच तयार व्हावा लागतो.

त्या सामन्यानंतर मी रोज किनाऱ्यावर धावतो, ओहोटीच्या वेळी, ओल्या कडक वाळूवर. तो गोलकीपर आता आमच्याकडे लाइन्समन म्हणून उभा राहतो. गेल्या स्पर्धेत त्याने झेंडा वर केला, मी वळून बघितलं, तो बरोबर रेषेत होता. मी गोल नाकारला.