"रात्रभर झोपतो का गं?" तुम्ही विचारलंत म्हणून

डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलला लेडीज डब्यात माझी जागा ठरलेली आहे आणि प्रश्नही ठरलेला आहे. "झोपतो का गं आता रात्रभर?" आणि मी हो म्हटलं की लगेच, "काय केलंस? सांग ना, माझ्या बहिणीच्या मुलीला पण..." आणि तेवढ्यात ठाणं येतं. तिथे नीट सांगणं होत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी खरं सांगते, रात्रभर झोपत नाही. आमचा मुलगा आता चौदा महिन्यांचा आहे, नऊला झोपतो, एक-दीडला उठतो, कुरकुरतो, दोन बोटं तोंडात घालतो, कूस बदलतो आणि परत झोपतो. मला हाक मारत नाही एवढंच. आमच्याकडे जे काय केलं ते या एवढ्यासाठीच केलं.

सुरुवात झोळीपासून. पंचविशीतली जुनी १बीएचके, हॉलमध्ये पंख्याच्या बाजूला एक हुक, त्याला स्प्रिंग, स्प्रिंगला सासूबाईंच्या मऊ सुती साडीची झोळी. झोळीला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्याच, पायाच्या अंगठ्याला. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. आई खाली गादीवर आडव्या पडून सिरीयल बघायच्या, पाय हलत राहायचा, स्प्रिंग कुईंकुईं करायची आणि बाळ गाढ. मध्यरात्री आई घोरत असायच्या आणि पाय हलतच असायचा, मी स्वतः बघितलंय. पहिले तीन महिने आम्ही सगळ्यांना सांगत होतो की आमचं बाळ किती गुणी.

चौथा महिना लागला आणि गुणी बाळ संपलं. एका तासात उठायचं. झोळी हलवली की झोपायचं, पुन्हा उठायचं. मी वैतागून कालनिर्णयवर त्या त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने वेळा लिहायला लागले. एका मंगळवारी १०:४०, ११:३५, १२:२५, १:२०, २:१०, आणि पुढे पेन्सिल घसरलेली आहे कारण मीच झोपले. दोन-तीन चौकोन भरल्यावर दिसलं की हे पन्नास-पंचावन्न मिनिटांचं गणित आहे, गॅस नाही, दात नाहीत आणि दृष्ट तर नाहीच (ती मात्र रोज काढली जात होती, मीठमोहरीचा खर्च वेगळा).

डॉक्टरांना कॅलेंडरचा फोटो दाखवला तर ते हसले. म्हणाले, मोठ्या माणसाच्या झोपेची एक फेरी साधारण दीड तासाची, बाळाची त्याहून बरीच छोटी, तासभराच्या आतबाहेर, आणि प्रत्येक फेरी संपली की सगळेच जरासे जागे होतात, तुम्ही पण होता, पांघरूण ओढता आणि झोपता, सकाळी आठवत नाही. मग म्हणाले, "समजा तुम्ही घरी गादीवर झोपलात आणि जाग आली ती कसारा लोकलमध्ये, तर कूस बदलून झोपाल का ओरडाल?" बाळ झोपतं तेव्हा झोळी हलत असते, जागं होतं तेव्हा झोळी थांबलेली असते. म्हणून ओरडतं. आणि वर हेही सांगितलं की आता तो पालथा पडायला लागलाय, झोळी बंद करायचीच, मान दुमडली किंवा तोंड कापडात गेलं तर श्वासाला धोका असतो, सपाट कडक गादी, पाठीवर, तोंडाजवळ काही नाही. मोहरीची उशी त्याच दिवशी माळ्यावर गेली. आईंचा चेहरा बघण्यासारखा होता.

मग सुरू झाले उपाय. आई म्हणाल्या जायफळ उगाळून दे चिमूटभर, अख्ख्या खानदानाला दिलंय. डॉक्टरांनी सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको म्हणून सांगितलेलं आणि जायफळ जास्त झालं तर बाळ झोपत नाही, गुंगतं, हा फरक मला आईंना समजावता येईना. शेवटी त्याच एकदा भाजी निवडता निवडता बोलून गेल्या की त्यांच्या आईच्या वेळी लालबागला चाळीत गिरणीत जाणाऱ्या बायका बाळांना अफूची बाळागोळी देऊन पाळीवर जायच्या, बाळ दिवसभर पडून, दुसरं करणार काय त्या. बोलल्या आणि गप्प बसल्या. जायफळाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

माझी रजा संपत आलेली. कायद्याने २६ आठवडे मिळतात, पण त्यातले तीन डिलिव्हरीच्या आधीच गेलेले, त्यामुळे ऑफिसला जायला लागले तेव्हा तो साडेपाच महिन्यांचा पण नव्हता. पहाटे साडेपाचला उठून डबा, मग गाडी, रात्री सहा वेळा जाग. एकदा मी मुलुंडला उतरायच्या ऐवजी थेट दादरला उतरले, उभ्या उभ्या झोप लागलेली.

म्हणून सहा महिने पूर्ण झाल्यावर, वजन बघून (२.८ चं ७.१ झालेलं) डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, आम्ही ती रडू देण्याची पद्धत करून बघितली. अमेरिकेतले डॉक्टर फर्बर, १९८५ पासून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते, बाळ जागं असतानाच खाली ठेवून बाहेर यायचं, रडलं तर तीन मिनिटांनी बघायला जायचं, मग पाच, मग दहा, उचलायचं नाही. ज्यांना जमते त्यांना जमते, मी नावं ठेवणार नाही. आमच्याकडे दुसऱ्या रात्री सहाव्या मिनिटाला बेल वाजली. शेजारच्या काकू, गाऊनवर ओढणी, हातात वाटी, वाटीत हिंगाचं पाणी. "पोट दुखतंय गं त्याचं, बेंबीभोवती चोळ." त्यांच्या मागे त्यांची सून, जिन्यात वरच्या मजल्यावरचे आजोबा. ज्या देशात ही पद्धत निघाली तिथे बाळाची खोली वेगळी असते आणि भिंतीपलीकडे काकू नसतात.

मग आम्ही हळूहळू केलं, कारण डॉक्टरांनी सांगूनही झोळी सुटलेली नव्हती. आधी स्प्रिंग काढली, झोळी नुसती हाताने आणि डोळे जड होईपर्यंतच. चार दिवसांनी झोळी पण नाही, गादीवर ठेवायचं, छातीवर हात, थोपटणं. मग थोपटणं कमी, नुसता हात. मग हात पण काढायचा आणि शेजारी बसायचं. रडला तर उचलायचं, शांत झाला की झोपायच्या आत परत ठेवायचं. पहिल्या रात्री असं चौतीस वेळा केलं, नवऱ्याने मोजलं, त्याला मोजायलाच ठेवलेलं. तिसऱ्या रात्री अकरा. रात्रीचं दूध मी तोडलं नाही, दोनदा पाजत होते, या वयात भूक खरी असू शकते, फक्त अंधारात पाजायचं, गप्पा नाहीत, लाडीगोडी नाही.

पण यातली अर्धी लढाई बाळाशी नव्हतीच. हॉलमधला टीव्ही साडेदहापर्यंत चालू आणि बाळाने नऊला झोपावं अशी आमची अपेक्षा. आईंना मोबाईलवर सिरीयल लावून दिली, इअरफोन दिले, पहिला आठवडा त्या बोलल्या नाहीत, मग एकदम म्हणाल्या आवाज छान येतो गं याच्यात. रात्री लंगोटाऐवजी डायपर, कारण पावसाळ्यात दोरीवरचे लंगोट तीन दिवस वाळत नव्हते आणि ओल्या लंगोटात कोण झोपेल. सकाळी सातला गॅलरीत उजेडात न्यायचं, झोपला असला तरी. रात्री झीरोचा बल्ब बंद.

तीन आठवड्यांत लागली सवय. मग गणपती आले, खाली मंडळाचे ढोल, दहा दिवसांत सगळं मुसळ केरात. नंतर परत केलं, या वेळी पाच दिवस लागले. सर्दी झाली की पुन्हा मोडते, गावाला जाऊन आलो की मोडते, मांडीवर घेते मग मी, बरा झाला की परत गादीवर. ज्या सांगतात ना की एकदा लावली की लागली, त्यांना विचारा किती दिवस झाले लावून.

स्प्रिंग खालच्या मजल्यावर दिली, त्यांची मुलगी बाळंतपणाला आलीय. आईंनीच नेऊन दिली आणि देताना बजावलं की पालथं पडायला लागलं की काढून घ्यायची, ऐकून मला चक्कर यायची बाकी होती. आता रात्री खिडकीतून कुईंकुईं वर ऐकू येतं. आमचा ढिम्म झोपलेला असतो. मला जाग येते, आणि पाणी प्यायला उठले तर हॉलमध्ये आईंचा पाय हलत असतो.