हावरट कोणाला ठरवायचे?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी मी मुलांना घेऊन एक चित्रपुस्तक करायला बसले. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठींची सोळा पाने होती आणि ती दाभणाने शिवायची होती. गोष्ट मी आधीच रचून ठेवली होती: एक हावरट मुंगळा गुळाचा खडा एकटाच लपवतो, पावसात खडा विरघळून जातो आणि मग त्याला वाटून खाण्याची अक्कल येते. मला ती फार आवडली होती. अशा गोष्टी रचणाऱ्यांना त्या नेहमीच आवडतात.

पहिल्याच पानावर सहावीतली एक मुलगी अडून बसली. "ताई, मुंगळा हावरट नसते नं. थो घरी जाऊन दुसऱ्याले चारते."

मग आम्ही ओट्याच्या कडेला गुळाच्या पाण्याचे चार थेंब टाकून बसलो. मुंगळा पीत गेला तसे त्याचे पोट फुगत गेले आणि पाठीवरच्या काळ्या पट्ट्यांमधली पांढुरकी चामडी दिसू लागली. परतताना त्याला दुसरा मुंगळा आडवा आला, त्याने मिशांनी याच्या डोक्यावर टकटक केली, आणि दोघे तोंडाला तोंड लावून बराच वेळ स्तब्ध उभे राहिले. मुंगीच्या शरीरात अन्नाच्या दोन जागा असतात. पुढच्या पिशवीतले अन्न वारुळातल्या इतरांसाठी साठवलेले असते, आणि झडपेतून मागे सोडले जाईल तेवढेच तिच्या स्वतःच्या पोटात पचते. ज्या प्राण्याला वाटपाची पिशवीच जन्मतः मिळाली आहे, त्याला मी वाटून खाण्याचा धडा देणार होते! मुंगळ्याची हावरटपणातून सुटका झाली.

आता हावरट कोण, यावर मुलांनी एका सुरात गुलाबी बोंडअळीचे नाव घेतले. कापूस पिकवणाऱ्या गावात दुसरे नाव येणेही कठीण. पाकळ्या न उमलता गुंडाळून राहिलेली डोमकळी, आणि बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या बोंडात सरकी पोखरत बसलेली अळी, ही चित्रे मुलांनी न विचारता काढली. २०१७ च्या हंगामात विदर्भात या अळीने जे केले, ते मुलांनी घरच्यांकडून इतक्या वेळा ऐकले आहे की अळीला दात आणि शिंगेही मिळाली.

मला मात्र बियाण्याच्या थैलीतले ते छोटे पाकीट आठवले. बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या कापसाला, आपल्याकडे २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्यानंतर कित्येक वर्षे ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम साध्या बियाण्याचे वेगळे पाकीट येत असे. ते वावराच्या चहूबाजूंनी पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे जास्त भरेल तेवढे लावायचे होते. त्या ओळी अळीसाठीच होत्या. तिथे बीटीच्या विषाला बळी पडणाऱ्या अळ्या जगाव्यात, विष पचवू शकणाऱ्या मोजक्या पतंगांशी त्यांच्या पतंगांचे मीलन व्हावे आणि पुढची पिढी पुन्हा बीटीवर मरावी, असा तो हिशेब होता. पण पाच ओळी अळीला सोडायच्या म्हणजे तेवढा कापूस गेला, असेच बहुतेकांना वाटले. विष पचवणाऱ्या अळ्या वाढत गेल्या, त्यामागे हेही एक कारण होते. आमच्या घरी ते पाकीट धुऱ्याकडे लावल्याचे मला तरी आठवत नाही.

मुलांना हे समजावताना मला घाम फुटला, पण त्यांनी ते माझ्यापेक्षा लवकर मान्य केले. अळीची शिंगे खोडरबराने गेली, दात तेवढे राहिले. चौदाव्या पानावर गडद हिरव्या वावराभोवती फिक्या हिरव्या पाच ओळी आल्या.

संध्याकाळी बाबांनी चष्मा लावून ते पान पाहिले आणि बोटाने ओळी मोजल्या.

"पाच तासं बरोबर काढले," ते म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारले, "आपलं पाकीट कुठं जाये वो?"

"नांग्या भरायले लागे ते," आई चुलीजवळून म्हणाली.

नांग्या म्हणजे वावरात बी न उगवलेल्या मोकळ्या जागा. ते ऐकून त्या सहावीतल्या मुलीने फिका हिरवा खडू उचलला आणि गडद वावराच्या मधोमध, ओळी चुकवून, पाच-सहा फिकी झाडे काढली.