पेटी आहे ना, मग स्क्रीन कशाला?

पालकसभेत हमखास, लग्नकार्यात अधूनमधून, आणि टचस्क्रीन पॅनेल घ्यायला निघालेल्या शाळांकडून फोनवर, प्रश्न तोच येतो: "बाई, दुसरी-तिसरीची पोरं. पेटी आहे, तुमचा गळा आहे. मग गाण्याच्या तासाला तो भलामोठा टचस्क्रीन कशाला?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

सूर शिकवायला मी तो वापरत नाही. सूर मी गाते, पोरं गातात, चुकलं की पुन्हा गातात. कानाने एकदा ऐकलेलं डोळ्याला दिसावं आणि बोटाने हलवता यावं, एवढ्यापुरतंच पॅनेल. म्हणून तास सुरू होताना ते बंदच असतं.

नाशकातल्या पोरांना ठेका शिकवावा लागत नाही. मिरवणुकीतला नाशिक ढोल ऐकत ती मोठी होतात. बाक वाजवा म्हणावं लागत नाही, थांबवावंच लागतं. पण ढोलाच्या सवयीने प्रत्येक मात्रेवर, म्हणजे ठोक्यावर, जोर हवा असतो, आणि 'खाली', म्हणजे तालातली टाळीविना जागा, काही केल्या पचत नाही. दादरा ताल घ्या. सहा मात्रा: धा धी ना, धा ती ना. चौथीला खाली, तिथे टाळी नाही, हात नुसता उघडायचा. तोंडाने कितीही सांगा, निम्मा वर्ग नेमकी तिथेच टाळी हाणतो. मग स्क्रीनवर सहा गोल येतात. गाणं लिहायच्या भातखंडे लिपीत खालीला शून्य लिहितात, तसा चौथा गोल पोकळ. एक मुलगी पुढे येऊन एकेका गोलावर बोट ठेवत जाते आणि अख्खा वर्ग तिच्या बोटावर चालतो. ती तिसऱ्यावर मुद्दाम रेंगाळली की सगळ्यांचे हात हवेत लटकतात आणि मागून कोणीतरी ओरडतं, "बाई, ही फसवते!" पुढचा मुलगा येतो तो पोकळ गोलच उचलून दुसऱ्या जागी सरकवतो. वाजवून बघतात तर ठेका लंगडतो. तो लंगडला हे मी सांगत नाही, त्यांचे कान सांगतात. फळ्यावरही हे करता येतं, पण पुसून पुन्हा काढेपर्यंत वर्ग हातातून गेलेला असतो.

यात एक मेख आहे. याला इंटरॅक्टिव्ह म्हणतात खरं, पण बोट एकाचंच. उरलेला वर्ग बघत बसतो. बसलेल्यांच्या हाताला किंवा गळ्याला काम नसेल तर तो टीव्हीच झाला. पॅनेलबरोबर येणारे तयार धडे मला म्हणूनच आवडत नाहीत. उत्तर बरोबर आलं की आतून टाळ्यांचा कडकडाट होतो. गाण्याच्या तासाला त्याहून वाईट आवाज नाही.

सुरांसाठी मी सात पायऱ्या काढून ठेवल्यात. म आणि नी झाकले की भूप रागाचे सूर उरतात. पोरं पायऱ्या चढतात-उतरतात आणि झाकलेल्या पायरीवर कोणी बोट ठेवलं तर सगळ्यांनी गप्प राहायचं. मग ग झाकायचा, म उघडायचा: सा रे म प ध, दुर्गा रागाचे सूर. एका पायरीची अदलाबदल केली की वर्गाचा चेहरा बदलतो, हे पाहण्यासारखं असतं. पण देशकार राग आला की स्क्रीन हात टेकतो. भूप आणि देशकार, पाच सूर तेच. भूपात वादी, म्हणजे मुख्य सूर, गंधार (ग), देशकारात धैवत (ध). पायऱ्या दोन्हींच्या सारख्याच दिसतात. तिथे गाऊनच दाखवावं लागतं. दुसरीच्या पोरांना वादी-संवादी सांगायचं नसतं, पण "हे गाणं वरच्या ध पाशी जाऊन बसतं" एवढं त्यांना ऐकू येतं.

"पेटीच बरी" म्हणणाऱ्या आजोबांना मी एक आठवण करून देते. याच पेटीला आकाशवाणीने १९४० ते १९७१ दाराबाहेर ठेवलं होतं. तक्रार काय, तर पट्ट्या ठरलेल्या, दोन सुरांमधली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही. तक्रार खोटी नव्हती, आणि माझ्या पायऱ्यांनाही ती तशीच लागू पडते.

मींडेसाठी मी गूगलचं क्रोम म्युझिक लॅब उघडते. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, लॉगिनची कटकट नाही. त्यातल्या स्पेक्ट्रोग्रामला माइक दिला की आवाजाचं चित्र पुढे सरकत राहतं. शिट्टी वाजवली तर एक बारीक रेघ. तंबोरा लावला तर एकावर एक रेघांची थप्पी. प वरून ग वर कोणी घसरत आलं तर त्या रेघा वळून खाली येतात. आमच्या वर्गातला एक मुलगा गायला तोंड उघडत नसे. रेघ वळवायची म्हणून तो पहिल्यांदा मोठ्याने गायला. बेसूर गायला, पण गायला. त्यातच साँग मेकर आहे, बोट मारून चाल बांधायचा खेळ. सेटिंगमध्ये पेंटॅटोनिक निवडलं की उरलेले पाच सूर भूपाचेच, त्यामुळे पोरांनी कुठेही बोट मारलं तरी कानाला बोचत नाही. हा फायदा आहे आणि तोटाही. कधीच न बोचणाऱ्या खेळातून कान किती तयार होणार?

पाठांतराला मात्र पॅनेलसारखं दुसरं काही नाही. २०२३ पासून राज्यगीत म्हणायचं आहे, तेव्हा ते स्क्रीनवर लिहायचं आणि प्रत्येक फेरीला दोन-तीन शब्द पुसायचे. कुठला पुसायचा हे पोरं ठरवतात आणि हमखास अवघडच शब्द निवडतात. शेवटी कोऱ्या स्क्रीनकडे बघत सगळं गीत म्हणतात.

आता तुम्ही घेणारच असाल तर किंमत विचारण्याआधी आवाज तपासा. कंपनीचा माणूस ब्लूटूथ स्पीकर लावून दाखवतो, कारण तो दिसायला छान. त्याने आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज मागे पडतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे बोट समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणि आवाज मात्रेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने उशिरा. गणिताच्या तासाला कोणाला कळणारही नाही, आमचा ताल मोडतो. तेव्हा वायरचाच स्पीकर मागा आणि तबल्याचं बटण स्वतः दाबून बघा. आणि पॅनेल खिडकीसमोर लावू देऊ नका. बहुतेक पॅनेलांच्या चौकटीत अवरक्त किरणांची जाळी असते, ते किरण अडले की बोट कुठे आहे ते कळतं. थेट ऊन आलं की ती गोंधळते. बोटाऐवजी टिपरीही चालते म्हणा, बुटक्या पोरांना वरचा सा गाठायला ती लागतेच. मात्र स्वेटरची लोंबती बाहीही तिला बोटच वाटते, म्हणून हिवाळ्यात बाह्या आधी वर करायला लावा.