पानठेल्यापासून ताटापर्यंत

नागपुरात कर्करोगाचा धोका कमी करण्याविषयी बोलायचे, तर सुरुवात ताटापासून नव्हे, पानठेल्यापासून करावी लागते. तेथे सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून खर्रा तयार होतो आणि तो बराच वेळ गालात धरून ठेवला जातो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. खर्रा मात्र आजही सहज मिळतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारी निरुपद्रवी असते, हा आपल्याकडचा लाडका समज आहे. प्रत्यक्षात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाही कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे, आणि तिच्यामुळे गालाच्या आतले अस्तर कडक होत जाऊन तोंड पुरेसे उघडेनासे होते, मग साधा घास घेणेही कठीण जाते.

आहाराविषयी मी त्यामानाने सौम्य आहे. सावजी मटणावर कायमची फुली मारावी, असे मी म्हणणार नाही (मलाच ते जमणार नाही). परंतु ते क्वचित खावे आणि सॉसेज-सलामीसारखे प्रक्रिया केलेले मांस शक्यतो टाळावे. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण आणि पालेभाजी यांतील तंतुमय घटकांमुळे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका घटतो. दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या पोटात जाव्यात, अशी शिफारस आहे; संत्र्यांच्या हंगामात तरी ती अवघड नाही. मद्याचे मात्र सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही.

तोंडातील पांढरा किंवा लाल चट्टा, अथवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसल्यास शासकीय दंत महाविद्यालयात दाखवता येते.