आमची वाटचाल : रॅम वाढवली की बॅटरी उतरते म्हणणाऱ्यांसाठी

2012 ला नारायण पेठेत दहा बाय आठच्या गाळ्यात मी आणि पार्टनरने लॅपटॉप रिपेअरिंग चालू केलं. तो चिप लेव्हल, म्हणजे बोर्डावरची दुरुस्ती बघायचा, मी रॅम, हार्ड डिस्क, बॅटरी आणि गिऱ्हाईक. 2015 ला तो बंगळुरूला गेला, भांडण वगैरे काही नाही, जाताना त्याचा डीसी पॉवर सप्लाय मला ठेवून गेला. तो अजून टेबलावर आहे, एक नॉब बदललाय फक्त. बॅटरी काढायची, 19 व्होल्ट लावायचे आणि ॲम्पिअर बघत बसायचं, मशीन काय खातंय ते सगळं तिथे दिसतं. ज्याच्याकडे हा नाही त्याने बॅटरीवर बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता 2016 चं सांगतो, कारण तेव्हा दुकान जवळजवळ बंदच पडलं होतं.

एका कॉम्प्युटर क्लासचे 30 लॅपटॉप आले, सगळे इंटेलच्या थर्ड जनरेशन प्रोसेसरचे, 4 जीबी रॅमचे. प्रत्येकात अजून एक 4 जीबीची स्टिक टाकून दिली. पंधरा दिवसांनी फोन, की रात्री स्लीपला ठेवलेले लॅपटॉप सकाळी पार उतरलेले असतात, तुम्ही रॅम टाकल्यापासून. आणि समोरच्या गल्लीतल्या एकाने त्यांना जाऊन सांगितलं होतं की हे लोक लोकल माल टाकतात, रॅम वाढली की बॅटरी जातेच. बिल अडकलं, त्यात नोव्हेंबरात नोटबंदी, गिऱ्हाईक यायचंच बंद झालं आणि गाळ्याचे मालक म्हणाले भाडं डिपॉझिटमधून वळतं करतो.

मी एक एक मशीन सप्लायला लावलं. स्लीपमध्ये स्क्रीन, प्रोसेसर, डिस्क सगळं झोपतं, पण रॅम झोपू शकत नाही. तिच्यातला चार्ज सतत गळत असतो, दर 64 मिलिसेकंदांत पूर्ण रॅम पुन्हा भरावी लागते. त्यामुळे चालू मशीनवर जो फरक कळतही नाही तो स्लीपमध्ये उघडा पडतो. एका स्टिकवर 0.03 ॲम्पिअर, दोनवर 0.04. पण 11 मशीनवर 0.05! उघडून बघितलं तर स्टिकर पीसी3एल, म्हणजे 1.35 व्होल्टवाली, आणि आत चिप साध्या 1.5 व्होल्टच्या. थर्ड जनरेशन दोन्ही घेतं, पण एक साधी असली की दोन्ही स्टिक 1.5 वर चालतात. फोर्थ जनरेशनच्या बारीक लॅपटॉपमध्ये टाकली असती तर मशीन चालूच झालं नसतं आणि मला पहिल्याच दिवशी कळलं असतं. सप्लायरने हात वर केले. चूक माझी होती, स्टिकरवर विश्वास ठेवला, 11 स्टिक मी पदरचे पैसे घालून बदलल्या.

पण बाकीच्या 19 चं काय? त्यांचा बॅटरी रिपोर्ट काढला, विंडोज 8 पासून एका कमांडमध्ये निघतो. बॅटरीत नवीन असताना 41 वॅट-अवर मावायचे, आता 25. आठ तासांच्या स्लीपमध्ये आधीच 18 टक्के उतरत होते, दुसऱ्या स्टिकमुळे ते 24 झाले. वरचे सहा टक्के नव्या स्टिकचे, बाकी आधीपासूनचंच, आणि बॅटरी म्हातारी म्हणून ते जास्त दिसत होतं. त्यांना हे कागदावर लिहून दिलं तरी अर्धंच बिल दिलं.

तेव्हा आमचे मोडीवाले काका उपयोगी पडले. 2013 पासूनचं गिऱ्हाईक, वाई-भोरकडे जुन्या वाड्यांत मोडी लिपीतले कागद वाचायला जातात, तिथे लाईट असेलच असं नाही. चार्जर किती वाजता काढला आणि मशीन किती वाजता बंद पडलं ते रोज डायरीत लिहायचे. 4 जीबीवर 1 तास 50 मिनिटं, 8 केल्यावर 2 तास 25, बॅटरी तीच. कारण चाळीस-पन्नास स्कॅन उघडे असले की रॅम भरायची आणि हार्ड डिस्कचा दिवा विझायचाच नाही. फिरती डिस्क काम करताना दोन-अडीच वॅट खाते, प्रोसेसर जागा राहतो ते वेगळं, त्यापुढे एका स्टिकचं खाणं किरकोळ. काका डायरी घेऊन दुकानात बसायचे आणि येईल त्याला पान उघडून दाखवायचे, "अरे हे बघ, यांनी वाढवून दिलं मला". जानेवारीपासून माणसं परत यायला लागली ती त्या डायरीमुळे, माझ्या जाहिरातीमुळे नाही.

म्हणून सांगतो, टास्क मॅनेजरमध्ये मेमरी 85 टक्क्यांच्या वर जात असेल तरच वाढवा, उगाच 32 टाकू नका, ते रिकामं असलं तरी करंट खातंच. ॲपललासुद्धा हे चुकलं नाही, 2016 चा मॅकबुक प्रो कमी व्होल्टच्या रॅमसाठी 16 वर थांबला, आणि 2018 ला 15 इंचीत 32 दिली तेव्हा साधी डीडीआर4 घ्यावी लागली, बॅटरी 76 वरून 83.6 वॅट-अवर केली. रात्री स्लीप नको, हायबरनेट करा, रॅममधलं सगळं डिस्कवर जातं आणि रॅमचा करंट बंद.

मधली वर्षं बरी गेली. आता बारीक लॅपटॉपमध्ये एलपीडीडीआर, म्हणजे कमी व्होल्टची रॅम, बोर्डावरच येते, बॅटरीला चांगली आहे, मी नाही म्हणत नाही, पण घेतानाच 16 घ्या, नंतर मी काही करू शकत नाही.

गेल्या दिवाळीआधी त्याच क्लासच्या मॅनेजरचा मेसेज आला, नवीन 20 लॅपटॉप घ्यायचेत, रॅम किती ठेवू. मी त्यांना 16 लिहिलं आणि खाली 2016 चं राहिलेलं अर्धं बिल जोडलं. 16 जीबीचे घेतले असं कळलं. बिलाचं उत्तर अजून नाही.