शेवटच्या रांगेपर्यंतची दोरी

आमच्या इतिहासप्रेमी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दीपप्रज्वलन होतं, स्वागतगीत होतं, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम केलं जातं, जमाखर्च मंजूर होतो, पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिलं जातं. सगळीकडे होतं तसंच. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या तासाबद्दल. तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात. प्रमुख पाहुणे उठले की त्यांच्यामागे उठणारी माणसं दरवर्षी तीच असतात, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्यापैकी कुणीही आमची दोरी पाहिलेली नाही. याचं मला वाईट वाटतं, अजूनही वाटतं.

मंडळ जुळलं ते सप्टेंबर २००८च्या पुरानंतर. नाशिककराला पूर सांगायचा तर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावर सांगायचा असतो: गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. त्या वर्षी मारुती अख्खा बुडाला. पाणी ओसरल्यावर आम्ही पाच-सहाजण गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठाकाठानं खाली चांदोरीच्या बाजूला गेलो होतो. पात्रातली जुनी देवळं उघडी पडली असतील तर पाहावी, एवढाच विचार होता. वाटेत एका शेताच्या कडेला नदीनं काठ सरळ उभा कापला होता, आणि त्या कापात थर दिसत होते. राखेचा करडा पट्टा, त्याखाली चोपून केलेली जमीन, मग भाजक्या मातीचे तुकडे, परत राख. शेतकरी त्या जागेला पांढरी म्हणतात, म्हणजे कधीकाळी वस्ती असलेली माती. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सोन्याचे हंडे शोधणारे लोक रात्री कुदळी घेऊन येतात, हे आम्ही भोगलेलं आहे.

आमच्यात एक निवृत्त चित्रकलेचे सर होते. त्यांनी ढासळलेल्या मातीतून एक खापर उचललं. तांबूस, वर काळ्या रेघा. नखानं टिचकी मारली तर टणकन वाजलं. सर तिथंच खाली बसले. "जोर्वे," एवढंच म्हणाले. पुढे जाणकारांना फोटो दाखवले तेव्हा तेच निघालं, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचं खापर.

सरांना ते का ओळखता आलं, ही त्यांची दरवर्षीची गोष्ट. १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळिया आणि शांताराम देव यांनी जुन्या नाशकात मातीची गढी म्हणतात त्या टेकाडावर उत्खनन केलं. त्याच हंगामात संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्व्यालाही केलं, ज्या गावावरून या खापरांना नाव पडलं. सर तेव्हा शाळकरी. शाळा सुटली की दप्तर पाठीला तसंच ठेवून गढीवर पळायचे आणि खड्ड्याच्या कडेला उभे राहायचे. वरच्या अंगाला मराठेशाहीतली, मुसलमानी अमलातली खापरं, खाली सातवाहनांचा काळ, रोमशी चालणाऱ्या व्यापाराच्या खुणा, आणि तळाशी ताम्रपाषाणयुगातली माणसं. "आपण ज्या गल्लीत विटीदांडू खेळतो तिच्याखाली एवढी माणसं राहून गेलीत, हे मला त्या दिवशी कळलं," हे वाक्य ते मेळाव्यात प्रत्येक वेळी म्हणायचे. एकदा कार्यकारिणीत कुणीतरी सुचवलं, सरांचं तेच तेच होतं, या वर्षी त्यांना पाचच मिनिटं द्या. मी चिटणीस आहे, वेळापत्रक मी करते. मी वीस मिनिटं लिहिली.

कारण तेच तेच असलं तरी शेवट दरवर्षी वेगळा असायचा. शेवटी सर त्या पावसाळ्यात गढीचा कुठला भाग ढासळला ते सांगायचे. पावसाळा आला की गढीवरच्या कुटुंबांना घरं सोडायच्या नोटिसा येतात, दरड कोसळते, बातमी छापून येते, विसरली जाते. सरांचा आवाज तिथं बारीक व्हायचा. राहत्या माणसांचा जीव आधी, खापरं मागून, हे ते ठामपणे सांगायचे. पण दोन्ही एकाच मातीबरोबर खाली जातात म्हणायचे.

काठ का पडतो हे आम्ही पाहून पाहून शिकलो. पुराचं पाणी आधी पायथा पोखरतं. वरची माती तेव्हा पडत नाही, कारण समोरून पाण्याचा टेका असतो. पाणी झपाट्यानं उतरलं की टेका जातो. आत मुरलेलं पाणी बाहेर ढकलू लागतं, माती जड झालेली असते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ऊन पडल्यावर, सगळी कड एकदम खाली येते. म्हणून आमची फेरी पूर ओसरल्यावर लगेच निघते. आम्ही खणत नाही. उत्खनन हे परवाना घेऊन जाणकारांनी करायचं काम आहे, आणि तसं नसतं तरी आम्ही केलं नसतं. पट्टी ठेवून फोटो, जागा, तारीख, थर कितवा, वहीत नोंद, आणि मोलाचं काही दिसलं तर सरकारदरबारी कळवायचं, एवढंच.

आणि दोरी. पहिल्याच वर्षी सरांनी शेतातल्या कडुनिंबाच्या बुंध्यापासून काठाच्या कडेपर्यंत दोरी ताणली आणि कड आली तिथं गाठ मारली. पुढच्या वर्षी तीच दोरी, नवी गाठ थोडी अलीकडे. मेळाव्यात ती दोरी आम्ही सभागृहात पसरतो. एक टोक व्यासपीठाच्या टेबलाच्या पायाला, म्हणजे तिथं कडुनिंब. पहिली गाठ शेवटच्या रांगेपर्यंत जाते. मग शाळेतली मुलं एकेका गाठीपाशी उभी राहतात आणि त्या वर्षीची वही वाचतात: चुलीचा अर्धा भाग, गेला. साठवणीच्या रांजणाचा तळ, गेला. शंखाच्या बांगडीचा तुकडा, नोंदवला, कळवला. राखेचा पट्टा दोन हात, गेला. वाचन पुढे पुढे येत जातं आणि मुलं व्यासपीठाच्या जवळ जवळ येत जातात. ऑगस्ट २०१६च्या पुराची गाठ आधीच्या गाठीपासून एवढी आत आहे की मध्ये दोन रांगा नुसत्याच जातात. त्या दोन रांगांत कुणी उभं नसतं. तिथं मला दरवर्षी रडू येतं.

मग शेतमालक बाबा बोलायचे. ते माइकला हात लावत नसत. एका वर्षी म्हणाले, "सातबाऱ्यावर माझी जमीन तेवढीच हाये. गंगेनं नेली ती त्यात लिवलेली न्हाई. ती तुमच्या वहीत हाये." आणि बसले. त्या दिवशी मी वहीला नवं पुठ्ठ्याचं कव्हर घातलं.

पाहुण्यांच्या भाषणांपैकी एकच सांगते. ब्रिटनमध्ये पुरातत्त्व शिकून आलेली एक तरुण मुलगी आम्ही बोलावली होती. लग्नाची दाट तिथी, सभागृहात सव्वीस माणसं. मी मोजली होती. तिनं इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नॉरफकमधलं हेझब्रा सांगितलं. मे २०१३मध्ये लाटांनी वाळू ओढून नेली आणि खालच्या गाळात पन्नासेक खळगे उघडे पडले. ते माणसांच्या पावलांचे ठसे होते, मोठ्यांचे आणि लहान मुलांचे, साडेआठ ते साडेनऊ लाख वर्षांपूर्वीचे. आफ्रिकेबाहेर तेवढे जुने ठसे तोवर मिळालेले नव्हते. भरती-ओहोटीच्या मधल्या वेळात संशोधकांनी धावपळ करून फोटो काढले, आणि दोन आठवड्यांत समुद्रानं ते पुसून टाकले. सभागृहात कुणी हललं नाही. सर पुढच्या रांगेत डोळे मिटून बसले होते.

मग ती स्कॉटलंडकडे वळली. तिथं सेंट अँड्र्यूज विद्यापीठाशी जोडलेल्या स्केप ट्रस्टनं २०१२ ते २०१६ या काळात किनाऱ्यावरच्या साध्या लोकांना हाताशी धरून ढासळत्या जागांची पाहणी केली. कुठली जागा अजून आहे, कुठली गेली, कुठं लगेच काही करायला हवं, हे गावकरीच जाऊन बघून कळवायचे. शेटलंड बेटांतल्या ब्रेसे नावाच्या छोट्या बेटावर तर इतिहासप्रेमींचं आपल्यासारखंच एक मंडळ आहे. किनाऱ्यावरचं कांस्ययुगातलं एक बांधकाम समुद्र खात होता. भाजलेल्या दगडांच्या ढिगाऱ्याखाली दडलेलं, दगड तापवून पाणी गरम करायचं ठिकाण. २००८मध्ये त्यांनी जाणकारांबरोबर ते दगड न् दगड उचलून आपल्या वारसा केंद्राशेजारी पुन्हा उभं केलं. २००८ म्हणाली आणि मी दचकले. आमच्या पहिल्या गाठीचं वर्ष. "आपल्यासारखंच मंडळ" हे तिचे शब्द होते, आणि ते ऐकायला आमच्या कार्यकारिणीतले तीन जण नव्हते, ज्यांची नावं पत्रिकेवर पहिली छापतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सव्वीसातली मुलं गोदाघाटावर ओल्या गाळात पाय उमटवून पट्टीनं मोजत बसली होती. त्यांच्यातली एक आता पुण्याला डेक्कन कॉलेजात आहे.

आता ज्यांच्यावाचून हे झालं नसतं त्यांची आठवण, कुणी राहू नये म्हणून वही समोर ठेवून लिहितेय. पहिली दोरी गंगेवरच्या परीट आजोबांनी दिली, कपडे वाळत घालायची, पैसे घेतले नाहीत. शाळेच्या शिपाई मावशी, ज्या सभागृह उघडतात आणि शेवटची गाठ वाचून होईपर्यंत किल्ल्या घेऊन थांबतात. एका वर्षी दुसरीकडचं सभागृह दोन दिवस आधी नाकारलं गेलं, तेव्हा मावशींनीच मुख्याध्यापकांना गळ घालून ही जागा मिळवून दिली. साऊंडवाले दादा. बाबांना निमाणी बसस्थानकापासून रिक्षानं आणणारे आणि परत बसमध्ये बसवून देणारे भाऊ. पंचवटीतल्या काकू, त्यांचा शिरा आणि वडे. त्या गेल्यापासून त्यांच्या सूनबाई त्याच पातेल्यात करतात. ट्रॅक्टरनं चिखलातून आमची जीप काढणारे शेजारच्या मळ्यातले दोघे भाऊ. फोटो फुकट धुऊन देणारे स्टुडिओवाले. झेरॉक्सवाले काका. खुर्च्या उचलणारी अकरावीची पोरं. आणि पहिल्या फेरीत माझी चप्पल गाळात रुतली तेव्हा स्वतःची देऊन अनवाणी चाललेल्या ताई. त्यांचं नाव माझ्याकडून मागच्या अहवालात राहून गेलं होतं, ते इथे भरून काढते.

सर गेले. बाबाही गेले. गेल्या मेळाव्यात सरांची वीस मिनिटं मी वेळापत्रकात तशीच ठेवली होती, आणि बाबांच्या नातीनं उभं राहून सांगितलं की या पावसाळ्यात कडुनिंबच पडला. मुळासकट, काठाबरोबर. दोरी बांधायची कशाला? टेबलाच्या पायाशी गाठी येऊन पोचल्या होत्या. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग कुणी विहीर सुचवली, कुणी विजेचा खांब. ती पोरगी म्हणाली, "आमच्या उंबऱ्यापासून मोजा."

त्या आठवड्यात आम्ही जाऊन मोजलं. परीट आजोबांच्या नातवानं नवी दोरी दिली आहे. तिची पहिली गाठ सभागृहात मावत नाही. यंदा ती दारातून बाहेर, पायऱ्या उतरून फाटकापर्यंत न्यावी लागेल, आणि फाटकाशी टोक धरून उभं राहायला दोन माणसं हवी आहेत. मेळावा मार्गशीर्षातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेनऊला.