स्पितीतले सागरी थर: पिन खोऱ्यापासून लांग्झापर्यंत

भारत आणि आशिया यांच्यामध्ये पूर्वी असलेल्या टेथिस समुद्राचा गाळ पाहण्यासाठी हिमाचल प्रदेशातल्या स्पितीला जाणारे बहुतेक जण काझ्याहून थेट लांग्झा गावच्या अमोनाइटांकडे, म्हणजे गुंडाळीसारखे कवच असलेल्या नामशेष सागरी जीवांच्या जीवाश्मांकडे, वळतात. आम्ही मात्र आधी पिन खोऱ्यात उतरलो आणि पुढच्यांनीही तसेच करावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण समुद्रतळ कधी उचलला गेला आणि कधी खचला याची इथल्या थरांतली नोंद जुन्याकडून नव्याकडे वाचली तरच उलगडते.

पिनला मिळणाऱ्या पाराहियो नदीच्या खोऱ्यात कँब्रियन काळातले (सुमारे 54 ते 49 कोटी वर्षांपूर्वीचे) कललेले शेल (चिखलापासून बनलेला पापुद्र्यांचा खडक) आणि वालुकाश्म झिजून सपाट झालेले दिसतात, आणि त्यांच्या कापल्या गेलेल्या टोकांवर त्यानंतरच्या ऑर्डोव्हिशियन काळातला पिंडाश्म (गोटे जुळून बनलेला खडक) वेगळ्याच कोनात बसलेला आहे. समुद्रात साचलेला गाळ आधी कलला, पाण्याबाहेर येऊन झिजला आणि मगच त्यावर नवी भर पडली, हे त्या कोनावरूनच कळते. संपूर्ण प्रवासात सर्वाधिक वेळ द्यावा तो इथे. पिंडाश्मातले गोटे भिंगाखाली पाहावेत.

मुध गावाजवळ पांढऱ्या क्वार्टझाइटच्या (वालुकाश्मापासून बनलेल्या कठीण खडकाच्या) वर पर्मियन काळातले (सुमारे 30 ते 25 कोटी वर्षांपूर्वीचे) थर येतात. त्या काळात गोंडवन या प्राचीन महाखंडाची उत्तरेकडील कड ताणली जाऊन फाटू लागली होती. काश्मीरमधले पंजाल लाव्हाही त्याच घडामोडीतले. पुढे ही कड थंड होत सावकाश खचत राहिली, गाळाला जागा मिळत गेली, आणि म्हणूनच पर्मियननंतरच्या ट्रायासिक काळातले चुनखडी व शेलचे थर इथे शेकडो मीटर जाडीचे झाले.

लांग्झाला काळी स्पिती शेल आणि तिच्यावरचा ग्युमल वालुकाश्म एकत्र पाहावा. या वालुकाश्मात ज्वालामुखीजन्य कण आहेत आणि त्यांचा संबंध गोंडवनाच्या विभाजनाशी जोडला जातो. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या भारत–आशिया टकरीने हाच समुद्रतळ आज सुमारे 4,400 मीटर उंचीवर आणून ठेवला आहे.

उंचीची सवय व्हावी म्हणून शिमला–किन्नौर मार्गाने हळूहळू चढावे; मनालीकडचा कुंझुम घाट हिवाळ्यात बंद असतो. बर्फ वितळून दुपारी ओढ्यांचे पाणी वाढते, त्यामुळे ते सकाळीच ओलांडावेत. तिरप्या उन्हात थरही अधिक स्पष्ट दिसतात. पावसानंतर शेलच्या उतारावर चढू नये. अमोनाइटांचे छायाचित्र मोजपट्टीसह घ्यावे, पण ते उचलू किंवा विकत घेऊ नयेत, कारण थरातून सुटलेल्या जीवाश्मावरून त्या थराचा काळ ठरवता येत नाही.